अन्ड्युलेटरची गॅप मिटवली की मॉडेल का चुकतं? किक मॅप कसा तपासायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. मोकळ्या साठवण-रिंगचं लॅटिस, म्हणजे चुंबकांची मांडणी, छान बसलंय, लोकोने (मोजलेल्या कक्षांवरून मॉडेल जुळवणाऱ्या पद्धतीने) फिट केलंय, बीटा, म्हणजे जागोजागच्या बीमच्या रुंदीचं माप, एक-दोन टक्क्यांत जुळतायत. मग अन्ड्युलेटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला नागमोडी चालवून प्रकाश काढणाऱ्या चुंबकरांगांचा (गॅप म्हणजे वरच्या-खालच्या रांगांमधली फट), किक मॅप, म्हणजे कणाला कुठे किती धक्का बसतो त्याचा तक्ता, घातला आणि गडबड झाली. कुणाची उभी ट्यून (एका फेरीत होणारी उभी दोलनं) जागची हलतच नाही, कुणाची उलट्या दिशेला जाते. कुणाचं डायनॅमिक ॲपर्चर, म्हणजे कण टिकून राहतात तेवढी जागा, निम्म्यावर येतं, तर कुणाच्या कोडला बंद कक्षा, म्हणजे फेरीनंतर स्वतःला येऊन मिळणारी वाट, सापडतच नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला: 'शेजारचे क्वाड्रुपोल (बीम फोकस करणारी चुंबकं) जरा हलवले तर जुळेल का?'

जुळेल हो, नक्की जुळेल. दोन क्वाड्रुपोल मोकळे सोडले की ट्यूनचे दोन आकडे कुठेही नेता येतात, आणि खरी चूक त्या दोन आकड्यांखाली गाडली जाते. म्हणून क्वाड्रुपोलला हात लावण्याआधी अन्ड्युलेटरचा एलिमेंट रिंगमधून उचला, एकटा समोर ठेवा आणि त्यातून एकच कण सोडा. निम्म्याहून जास्त दुखणी तिथेच उघडी पडतात.

किक मॅपमध्ये असतं काय

ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन केंद्रातल्या पास्कल एलोम यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. अन्ड्युलेटरमधून जाताना कणाला मिळणारा धक्का ऊर्जेच्या व्यस्त घातांमध्ये मांडायचा. पहिल्या घाताचं पद म्हणजे सरळ रेषेवरचा क्षेत्राचा समाकल. अन्ड्युलेटर नीट शिम केलेला (बारीक तुकडे लावून क्षेत्र सुधारलेला) असेल तर ते जवळपास शून्य असतं. दुसऱ्या घाताचं पद नागमोडी चालीमुळे येतं, आणि फोकसिंग त्यातूनच होतं. या दुसऱ्या पदाचे दोन तक्ते फाइलमध्ये असतात, एक आडव्या धक्क्याचा आणि एक उभ्या धक्क्याचा. एकक टेस्ला वर्ग मीटर वर्ग. त्याला बी-रोच्या वर्गाने भागलं की धक्का रेडियनमध्ये मिळतो. बी-रो म्हणजे बीमचा चुंबकीय कडकपणा, ३.३३५६ गुणिले जीईव्हीमधली ऊर्जा.

धक्का आकड्यांच्या तक्त्यातून येतो आणि त्यामागचं चुंबक कोडला दिसत नाही. त्यामुळे चुकीचा तक्ताही तो निमूटपणे वापरतो.

आधी हाताने एक आकडा काढा

उदाहरणाला २.५ जीईव्हीची रिंग घेऊ. इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ रिंगची ऊर्जा तीच आहे, म्हणून बऱ्याच जणांना हा आकडा ओळखीचा असेल. अन्ड्युलेटर मात्र कल्पनेतला: लांबी २ मीटर, आवर्तन ८० मिमी, शिखरक्षेत्र १ टेस्ला, पोल भरपूर रुंद.

बी-रो ८.३४ टेस्ला-मीटर, त्याचा वर्ग ६९.५. उभ्या फोकसिंगची ताकद म्हणजे लांबी गुणिले शिखरक्षेत्राचा वर्ग, भागिले बी-रोच्या वर्गाची दुप्पट. उत्तर ०.०१४४ प्रति मीटर. अन्ड्युलेटरमधला सरासरी उभा बीटा ३ मीटर धरला, ताकदीला त्याने गुणलं आणि ४ पायने भागलं, तर ट्यून ०.००३४ ने वर जायला हवी. आंशिक ट्यून ०.२ च्या आसपास असेल तर बीटा-बीटिंग, म्हणजे रिंगभर बीटाचा हेलकावा, दोनेक टक्के. आडवी ट्यून हलायला नको, कारण पोल रुंद आहेत.

आता हेच फाइलमध्ये बघा. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. उभ्या धक्क्याच्या तक्त्यात आडवं स्थान ० आणि उभं स्थान १ मिमी जिथे येतं, तिथला आकडा या उदाहरणात उणे ०.००१ च्या अगदी जवळ हवा. तो ६९.५ ने भागला की १४.४ मायक्रोरेडियन, आणि दिशा अक्षाकडे. मग ५ मिमीच्या ओळीवर या. तिथे पाचपट, म्हणजे उणे ०.००५ दिसलं तरी शंका घ्या. क्षेत्र पोलाकडे जाताना वाढत जातं, त्यामुळे ५ मिमीवर खरा आकडा उणे ०.००५५ च्या आसपास येतो. सरळ रेषेच्या हिशोबापेक्षा दहा टक्के जास्त. हा बाक नसेल तर फाइलमध्ये अन्ड्युलेटर नाही, कुणीतरी भरलेलं रेषीय क्वाड्रुपोल आहे.

शेवटी कोडमध्ये तो एलिमेंट एकटा ठेवा, १ मिमी उंचीवरून शून्य कोनाने कण सोडा आणि बाहेर पडतानाचा कोन वाचा. उणे १४.४ च्या जवळपास मायक्रोरेडियन आले तर फाइल, एकक आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी एका झटक्यात सुटल्या. वरच्या हार्मोनिकमुळे खऱ्या चुंबकात थोड्या टक्क्यांचा फरक पडेल, तेवढा सोडून द्या.

चुकीचं गुणोत्तरच कारण सांगतं

अपेक्षित धक्का आणि मिळालेला धक्का यांचा भागाकार करा. तो आकडा बहुतेक वेळा बोलका असतो.

धक्का शून्य, अगदी शून्य? ऊर्जेचं एकक बघा. ॲक्सिलरेटर टूलबॉक्स, म्हणजे आपलं एटी, रिंगची ऊर्जा ईव्हीमध्ये ठेवतं, पण किक-तक्त्याच्या एलिमेंटला ऊर्जा जीईव्हीमध्ये हवी असते. रिंगचा आकडा तसाच चिकटवला की बी-रो अब्जपट होतो आणि त्याचा वर्ग भागाकारात बसतो. कोड काही बोलत नाही, अन्ड्युलेटर फक्त गायब होतो.

धक्का सत्तरेक पटीने लहान असेल तर फाइल आधीच रेडियनमध्ये लिहिलेली आहे. रेडिया, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र काढणारा प्रोग्रॅम, निकाल टेस्ला वर्ग मीटर वर्गातही देतं आणि रेडियन वा मायक्रोरेडियनमध्येही. वाचणाऱ्या कोडने ६९.५ ने पुन्हा भागलं की हे होतं. मायक्रोरेडियनची फाइल असेल तर धक्का उलट हजारोपट मोठा होतो आणि कण पहिल्याच फेरीत भिंतीला लागतो. ते एका अर्थी बरं, निदान लपत तरी नाही.

गुणोत्तर २ किंवा ०.५ आलं तर कुणीतरी शिखरक्षेत्राच्या जागी वर्गमध्यमूळ घातलंय, किंवा अर्ध्या लांबीचा मॅप पूर्ण लांबीचा समजून वापरलाय. १.२ आलं तर ऊर्जा बदलताना वर्ग विसरला गेलाय. ३ जीईव्हीसाठी काढलेला रेडियनमधला तक्ता २.५ ला आणताना १.४४ ने गुणावा लागतो, १.२ ने नाही. शिखरक्षेत्र बदललं की तोच वर्गाचा नियम. एलिगंट या कोडमधल्या किक मॅपच्या एलिमेंटला क्षेत्राचा गुणक वेगळा देता येतो, आणि कोड त्याचा वर्ग स्वतःच करतो. तुम्ही आधीच वर्ग करून दिलात तर चौथा घात होतो.

चिन्ह उलटं असेल, म्हणजे उभी ट्यून खाली जात असेल, तर ओळींचा क्रम बघा. रेडियाच्या फाइलमध्ये उभ्या स्थानाच्या ओळी बहुधा वरून खाली, धन ते ऋण अशा लिहिलेल्या असतात. स्वतः लिहिलेल्या वाचक-स्क्रिप्टने त्या खालून वर धरल्या की फोकसिंगचं डीफोकसिंग होतं. आणि उभ्याऐवजी आडवी ट्यून हलली तर तक्ता आडवा-उभा फिरलाय. आडव्या आणि उभ्या बिंदूंची संख्या सारखीच ठेवली असेल तर ही अदलाबदल कोडला कधीच कळत नाही. म्हणून मी तरी ग्रिड मुद्दाम चौरस ठेवत नाही. आडवे ४१ बिंदू, उभे २१ असं काहीतरी असलं की फिरलेली फाइल वाचतानाच अडते.

ॲपर्चरच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या

ट्यून जुळली, पण डायनॅमिक ॲपर्चरचं चित्र विचित्र दिसतं. कडा सरळ, कोपरे काटकोनी. खऱ्या रिंगचं ॲपर्चर असं कधी नसतं. तुम्ही बघताय ती तक्त्याची हद्द आहे. मॅप आडव्या दिशेला अधिक-उणे १५ मिमीपर्यंतच काढला असेल तर १६ मिमीवरच्या कणाचं काय करायचं हे कोडवर सोपवलं जातं. कुणी कण हरवला म्हणून जाहीर करतं, कुणी कडेचाच आकडा पुढे रेटतं. तक्ता व्हॅक्यूम चेंबरच्या आतल्या मापापेक्षा थोडा मोठा काढा आणि खरी भिंत ॲपर्चर एलिमेंट म्हणून वेगळी द्या.

दुसरा प्रकार जास्त चिवट आहे. हजार फेऱ्यांपर्यंत सगळं ठीक, मग आयाम हळूहळू वाढत जातो. रेडिएशन बंद असताना असं झालं तर मॅप सिम्प्लेक्टिक (स्थान-कोनाच्या पटातलं क्षेत्रफळ जपणारा) राहिलेला नाही. दोन्ही तक्ते एकाच विभवाची आंशिक अवकलनं असल्यामुळे आडव्या धक्क्याचा उभ्या दिशेतला उतार आणि उभ्या धक्क्याचा आडव्या दिशेतला उतार सारखेच हवेत. चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दोघांची वजाबाकी ग्रिडवर रंगवा. कागदावर शून्य, प्रत्यक्षात खवले-खवले दिसले तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं. रेडियाच्या मॉडेलमध्ये लोखंडाचे तुकडे फार जाड पाडलेत, नाहीतर अवकलनाची पायरी इतकी बारीक घेतलीय की गणनेचा खडखडाटच वर येतोय. ग्रिड दाट केल्याने दुसरं दुखणं वाढतं, हे लक्षात ठेवा. अशा वेळी तक्त्याला कमी घातांची बहुपदी बसवून त्यातून धक्के काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

किती तुकडे करायचे हेही इथेच पाहून घ्या. दोन मीटरचा धक्का मधोमध एकदाच दिला तर बीटाचा आतला बदल हरवतो. तुकड्यांची संख्या दुप्पट करून ट्यून किती हलते ते बघा. शेवटच्या अंकात फरक असेल तर पुरे. उगाच शंभर तुकडे करून संगणक तापवू नका.

लांबीचं एक. मॅपची लांबी कडेचं क्षेत्र धरून २.२ मीटर असते आणि तुम्ही २ मीटरची मोकळी जागा काढून तो बसवता. रिंगचा परीघ २० सेंटिमीटरने वाढतो. चौमितीय गणनेत (फक्त स्थान आणि कोन) काहीच दिसत नाही, पण आरएफ, म्हणजे बीमला ऊर्जा परत देणारं रेडिओ-क्षेत्र, चालू करून षण्मितीय (ऊर्जा आणि वेळ धरून) बंद कक्षा शोधायला गेलात की कोड हात वर करतो. इंडस-२ सारख्या १७२ मीटरच्या रिंगमध्येही हे मोठं पाप आहे. एलिमेंट घातल्यानंतर परीघ छापून बघण्याची सवय लावा.

फाइल निर्दोष, तरी मशीन ऐकत नाही

इथून पुढे दोष कोडात नसतो. मापनाची शीट हातात असते, चुंबक बनवणाऱ्यांनी प्रत्येक आडव्या स्थानावर क्षेत्राचा समाकल मोजलेला असतो, सगळे आकडे मर्यादेत. तरीही गॅप मिटवली की बीमचं आयुर्मान घसरतं आणि इंजेक्शन रडतं.

याचा सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा कॅलिफोर्नियातल्या एसएसआरएल या सिंक्रोट्रॉन केंद्राच्या स्पिअर रिंगचा. तिथे बीमलाइन ११ साठी नवा विगलर, म्हणजे अन्ड्युलेटरचाच जास्त ताकदीचा भाऊ, बसवला गेला. समाकलाच्या मापनात विशेष काही वावगं नव्हतं, पण बीमवर त्याचा अरेषीय परिणाम जबरदस्त निघाला आणि डायनॅमिक ॲपर्चर आक्रसलं. जेम्स सॅफ्रानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीमकडूनच विगलर मोजून घेतला: बीटाट्रॉन दोलनाचा आयाम वाढवत ट्यून कशी सरकते ते पाहिलं, बंद कक्षा सरकवून पुन्हा ट्यून पाहिली. दोषाचं मूळ विगलरच्या पोलांच्या अपुऱ्या रुंदीत निघालं. फ्लिप कॉइल, म्हणजे क्षेत्राचा समाकल मोजणारी तारेची गुंडाळी, सरळ रेषेत मोजते, इलेक्ट्रॉन नागमोडी जातो, आणि या दोघांना दिसणारी क्षेत्रं एकमेकांपासून फार वेगळी होती. लोको ही पद्धतही सॅफ्रानेक यांचीच, हे जाता जाता.

हे होतं कसं, ते एका हिशोबात दिसतं. ३ जीईव्हीची रिंग, २ टेस्लाचा विगलर, आवर्तन १७५ मिमी, लांबी २.३ मीटर असं धरू. इलेक्ट्रॉनची नागमोडी चाल अक्षाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५५ मायक्रॉन जाते. वरच्या उदाहरणातल्या अन्ड्युलेटरमध्ये ती जेमतेम १९ मायक्रॉन होती. आता अक्षापासून काही मिलिमीटर दूर, जिथे अरुंद पोलाचं क्षेत्र दर मिलिमीटरला ०.१ टक्के उतरतं, तिथे जा. उतार २ टेस्ला प्रति मीटर. ताणलेल्या तारेला, म्हणजे सरळ रेषेतल्या मापनाला, काय दिसतं? एका पोलाखाली धन क्षेत्र थोडं कमी, पुढच्या पोलाखाली ऋण क्षेत्र तेवढंच कमी, बेरीज शून्य. इलेक्ट्रॉन मात्र धन पोलाखाली एका बाजूला झुकलेला असतो आणि ऋण पोलाखाली दुसऱ्या बाजूला. एकाखाली त्याला क्षेत्र जरा जास्त मिळतं, दुसऱ्याखाली जरा कमी, आणि हा फरक प्रत्येक जोडीत त्याच चिन्हाचा. १५५ मायक्रॉन गुणिले २ टेस्ला प्रति मीटर, त्याचा निम्मा, गुणिले २.३ मीटर: साडेतीन गॉस-मीटर, म्हणजे सुमारे ३६ मायक्रोरेडियनचा धक्का. दिशा बाहेरची. कण जितका कडेला, तितका उतार तीव्र आणि तितकाच धक्का मोठा.

तारेच्या मापनात हे पद दिसण्याची सोयच नाही, म्हणून मापनाच्या शीटमधून बनवलेला मल्टिपोलचा एलिमेंट इथे कामाचा नाही. एलोमचा दुसऱ्या घाताचा तक्ता हेच पद पकडतो, फक्त तो खऱ्या पोल-रुंदीच्या त्रिमितीय मॉडेलवरून काढलेला हवा. पुष्कळ वेळा मॉडेल हलकं करण्यासाठी पोल आडव्या दिशेला अनंत धरलेले असतात, किंवा कोडातला तयार विगलर-एलिमेंट आडवा तरंगांक शून्य ठेवून वापरलेला असतो. दोन्हींत ट्यून-बदल छान जुळतो, कारण तो अक्षावरचा गुण आहे. ॲपर्चर मात्र मॉडेलमध्ये फुगलेलं दिसतं.

मशीनवर खात्री करायची तर स्पिअरवाल्यांचाच मार्ग घ्या. अन्ड्युलेटरमधून आडवा बंद बम्प (कक्षेला तेवढ्यापुरता बाक) घाला, दर मिलिमीटरला दोन्ही ट्यून नोंदवा, आधी गॅप उघडी, मग मिटलेली. दोन्हींची वजाबाकी करा, नाहीतर वाटेतल्या सेक्स्टुपोल चुंबकांचा वाटा अन्ड्युलेटरच्या नावावर जमा होतो. हीच वक्ररेषा मॉडेलमधून काढा आणि एकावर एक ठेवा. मधोमध जुळते आणि कडेला फाटते? पोलाची रुंदी तपासा. मधोमधच जुळत नाही? मागे जा, फाइल पुन्हा उघडा.

ॲपल-२ असेल तर

ॲपल-२ म्हणजे प्रकाशाचं ध्रुवण बदलता येणारा अन्ड्युलेटर. वरचा अरेषीय धक्का आवर्तन आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या वर्गाने वाढतो आणि ऊर्जेच्या वर्गाने उतरतो. त्यामुळे लांब आवर्तनाचे ध्रुवण बदलणारे अन्ड्युलेटर मध्यम ऊर्जेच्या रिंगांना सगळ्यात जड जातात. बर्लिनच्या बेसी-२ ची ऊर्जा १.७ जीईव्ही आणि तिथल्या यूई-११२ चं आवर्तन ११२ मिमी. तिथे व्हॅक्यूम चेंबरवर विद्युतप्रवाहाच्या चपट्या पट्ट्या बसवून हे अरेषीय धक्के मारावे लागले. ईएसआरएफने एल आकाराच्या लोखंडी शिमचा मार्ग काढला. इंडस-२ मध्येही दोन सपाट अन्ड्युलेटरांच्या जोडीला एक ॲपल-२ आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही.

ॲपल-२ मध्ये चुंबकांच्या चार रांगा असतात आणि मध्ये फट. आडव्या दिशेला क्षेत्र इथे आपोआपच लवकर उतरतं, आणि रांगा सरकवल्या की उताराचा आकारच बदलतो. नवशिके इथे हमखास एक शॉर्टकट मारतात: आडव्या ध्रुवणाचा एक मॅप काढायचा आणि बाकीच्या फेजना (रांगा सरकवण्याच्या स्थितींना) क्षेत्राच्या वर्गाने मोजून वापरायचा. तो चालत नाही. गॅप थोडीशी बदलली तर वर्गाचा नियम कामचलाऊ ठरतो, फेज बदलली तर अजिबात नाही. प्रत्येक फेजला स्वतंत्र तक्ता काढा, आणि मधल्या फेजसाठी शेजारच्या दोन तक्त्यांच्या मधला आकडा घेण्याआधी एखादा मधला तक्ता खरोखर काढून तुलना करा. तिरप्या ध्रुवणात तर आडव्या-उभ्या दोलनांची सांगड बसते. तिथे ट्यूनपेक्षा कपलिंग आधी मोजा.

शिम बसवलेले असतील तर ते पहिल्या घाताच्या तक्त्यात येतात, आणि त्या तक्त्याला भागायचं ते बी-रोने, वर्गाने नव्हे. एकाच फाइलमध्ये दोन्ही कोंबून पाठवलेली मंडळी आहेत. मिळाली तर परत पाठवा.

गॅप मिटल्यावर एमिटन्स का बदलत नाही

एमिटन्स, म्हणजे बीमचा आकार आणि कोन यांचा एकत्र पसारा, बदलत नाही, कारण साध्या किक मॅपमध्ये रेडिएशन नसतं. धक्का आहे, ऊर्जेचा ऱ्हास नाही. तो घालायचा की नाही हे एका गुणाकारावर ठरवा: प्रति फेरी केईव्हीमधला ऱ्हास म्हणजे ०.६३३ गुणिले जीईव्हीमधल्या ऊर्जेचा वर्ग, गुणिले टेस्लामधल्या शिखरक्षेत्राचा वर्ग, गुणिले मीटरमधली लांबी. आपल्या उदाहरणातल्या अन्ड्युलेटरचे ८ केईव्ही होतात. इंडस-२ च्या वाकचुंबकांची त्रिज्या ५.५५ मीटर, म्हणजे एकट्या वाकचुंबकांत प्रति फेरी ६२० केईव्हीच्या वर जातात. सव्वा टक्क्यासाठी डोकं खाजवण्यात अर्थ नाही. वरच्या २ टेस्लाच्या विगलरचे मात्र ३ जीईव्हीला ५२ केईव्ही होतात, आणि असे दोन-तीन विगलर असतील तर डॅम्पिंगचा काळ, ऊर्जेचा पसारा आणि आरएफची फेज, तिन्ही सरकतात. तेव्हा एमिटन्ससाठी खऱ्या क्षेत्रातून पायरीपायरीने जाणारा विगलर-एलिमेंट वापरा, आणि किक मॅप ॲपर्चरच्या कामाला ठेवा. एलिगंटच्या किक मॅपला आवर्तनांची संख्या आणि के-मूल्य (अन्ड्युलेटरच्या ताकदीचा आकडा) दिलं तर तो रेडिएशनचा हिशोबही करतो. ते दोन रकाने रिकामे सोडून एमिटन्स बदलत नाही म्हणून विचारणारे दर वर्षी भेटतात.